पाच सिलिंडरचं रेडियल इंजिन : सिलिंडरच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

घरीच एक छोटं रेडियल इंजिन करतोय, म्हणजे मधल्या क्रँकभोवती सिलिंडर गोलात मांडलेलं. क्रँककेस (मधली पेटी), क्रँक आणि मास्टर रॉड (मुख्य रॉड, बाकीचे चार त्यालाच जोडलेले) गेल्या पावसाळ्यात उरकले. आजपासून सिलिंडर. माप नक्की केलं: बोअर (आतला व्यास) २२ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) २० मिमी. म्हणजे एकाला ७.६ सीसी, पाचांचे मिळून ३८. फोर स्ट्रोक, हवेवर थंड होणारं.

पाचच का, असं येणारा-जाणारा विचारतो. फोर स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. गोल मांडणीत संख्या विषम असली की एक सोडून एक पेटवत जाता येतं, १-३-५-२-४, आणि दर १४४ अंशांना ठोका पडतो. सम संख्येला हा हिशेब जमत नाही. तीनचं इंजिन मला फार थरथरणारं वाटतं, सातचं करायला आयुष्य पुरायचं नाही. म्हणून पाच.

माल बीड, म्हणजे ओतीव लोखंड, एफजी २६० प्रतीचं. उद्यमनगरातून, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीतून, ४२ मिमीचा बार आणला आणि ५० मिमीचे सात तुकडे हॅकसॉ मशिनवर पाडून घेतले. स्टीलचा सिलिंडर हलका होतो, फिनही (थंड करणाऱ्या बाहेरच्या चकत्या) पातळ निघतात. पण बिडात ग्राफाइट असतं, ते तेल धरून ठेवतं. शिवाय पिस्टनच्या रिंगाही बिडाच्याच करायच्या आहेत आणि बिडावर बीड छान चालतं. कोल्हापूरसारख्या ओतकामाच्या गावात बसून बीड सोडून दुसरं काही वापरायचं म्हणजे जरा अतीच झालं.

सात तुकडे बघून तात्या म्हणाले, "पाच पायजेत न्हवं, मग सात कशाला?" मग स्वतःच म्हणाले, "बरं केलंस. ओतकामाचा भरवसा न्हाई." तात्यांनी सगळी नोकरी टर्नर म्हणून काढली. संध्याकाळी चहाला येतात आणि माझ्या लेथकडे बघून मान हलवतात. मान कशासाठी हलवतात ते मी विचारत नाही.

१९ जानेवारी

लेथ राजकोट बनावटीचा, साडेचार फुटी, जुना. सिलिंडर घ्यायच्या आधी तो सरळ कापतो का हे बघणं भाग होतं. चकमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या पकडीत, जाडसर बार धरला, समोरच्या टेलस्टॉकचा आधार न देता. १०० मिमी अंतरावर दोन कॉलर ठेवले, मधला भाग बारीक केला आणि दोन्ही कॉलरवर एकाच सेटिंगने हलका कट फिरवला. व्यासात फरक २० मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिमी). म्हणजे ४३ मिमी लांबीच्या सिलिंडरमध्ये ८-९ मायक्रॉनचा टेपर (निमुळतेपणा), कुणी काही न करताच.

लेथच्या बेडला पीळ होता. टेलस्टॉककडच्या एका पायाखाली शिम (पातळ पत्रे) घालत गेलो. बोल्ट आवळला की माप बदलतं, सैल केला की पुन्हा बदलतं. दुपारचं जेवण चार वाजता झालं, पण फरक ४ मायक्रॉनवर आला. सिलिंडरच्या लांबीत तो दोनच्याही आत राहतो. एवढ्यावर थांबलो.

२६ जानेवारी

रफिंग. फेस केलं, म्हणजे तोंड सपाट केलं, सेंटर ड्रिल, मग १२, १६, २० असे ड्रिल चढवत नेले. त्यानंतर बोरिंग बारने २१.४. बाहेरून वरची कातडी काढताना पहिलाच कट दीड मिमीचा दिला. बिडाची कातडी कडक असते, तिच्यात वाळूही असते. भीत भीत हलका कट दिला तर टूलचं टोक कातडीवरच घासत राहतं आणि बोथट होतं. टूल कातडीच्या खालून गेलं पाहिजे.

बीड कोरडंच कापलं. कूलंट घातला की भुग्याचा चिखल होतो आणि तो बेडवर बसला की लॅपिंग पेस्टसारखं काम करतो. बेडवर वर्तमानपत्रं, त्यावर जुनं फडकं. संपल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक सगळीकडून फिरवलं. पिशवी उलटी केली की भुगा आत, चुंबक स्वच्छ. नाक मात्र दोन दिवस काळंच.

पाचव्या तुकड्यात फ्लँजच्या (बोल्ट बसायच्या कडेच्या) जागी ब्लो होल, म्हणजे ओतताना राहिलेली पोकळी, निघालं, ज्वारीच्या दाण्याएवढं. तात्यांचं खरं झालं. तुकडा फेकला नाही. पुढच्या प्रत्येक कामाची चाचणी आता त्याच्यावर.

६ फेब्रुवारी

सातही तुकडे स्ट्रेस रिलीव्हिंग करून आले. ५५० अंशांवर ठेवून भट्टीतच सावकाश थंड केलेले. घरच्या इंजिनाला हे लाड कशाला, असं वाटू शकतं. पण जाड तुकड्यातून आपण २ मिमीची भिंत काढणार आहोत. अर्ध्या किलोच्या तुकड्यातून तयार सिलिंडर निघणार साधारण ११० ग्रॅमचा. एवढा माल काढल्यावर आतला ताण मोकळा होतो आणि बोअर वाकडा होतो. तो आताच होऊन जाऊ दे.

९ फेब्रुवारी

मँड्रेल बनवला, २१.४ च्या बोअरमध्ये हाताने सरकेल असा. तुकडा त्यावर चढवायचा, पुढून वॉशर आणि नट, टेलस्टॉकचा सेंटर. खालचा स्कर्ट (क्रँककेसमध्ये घुसणारा भाग) २६ मिमी व्यासाचा, ७ मिमी लांब. फ्लँज ३८ व्यासाचा, ३ मिमी जाड. पण स्कर्ट फायनल केला नाही, ०.३ मिमी माल ठेवला.

स्कर्ट एवढा लांब ठेवण्यामागे कारण आहे. रेडियल इंजिनात ३ आणि ४ नंबरचे सिलिंडर खाली तोंड करून असतात. बंद इंजिनात क्रँककेसमधलं तेल त्यांच्यातच उतरतं आणि पिस्टनवर साचतं. स्कर्ट केसच्या आत घुसलेला असला की तेल त्याच्याभोवती राहतं, काठावरून आत कमी पडतं. मोठ्या विमानी इंजिनांतही हीच युक्ती होती. आणि तरीही सुरू करण्याआधी ती हाताने फिरवून बघावी लागत.

१६ फेब्रुवारी

फिन. प्रत्येक सिलिंडरला १० फिन, १ मिमी जाड, मधली खाच दीड मिमी, खोली ५ मिमी. फ्लँजलगतची पहिली खाच मात्र ४ मिमी रुंद, कारण तिथे एम ३ चे नट बसणार आणि त्यांना पाना लागला पाहिजे. बरेच जण चित्र काढताना हे विसरतात आणि मग सुंदर सिलिंडर बसवताच येत नाही.

टूल एचएसएस (हायस्पीड स्टील) ब्लेडचं, घासून दीड मिमीचं केलं. कोपरे तेलदगडावर किंचित गोल केले, कारण खाचेच्या तळाशी टोकदार कोपरा राहिला की तडा तिथूनच जातो. फेरे मिनिटाला १६० च्या आसपास.

आधी सगळ्या खाचा १ मिमी खोल मारून घेतल्या आणि व्हर्निअरने जाडी तपासली. मांडणी चुकली असती तर इथेच कळलं असतं. मग एकेक खाच खोल. टॉप स्लाइड प्रत्येक वेळी अडीच मिमी पुढे, नेहमी एकाच दिशेने, म्हणजे स्क्रूची ढिलाई मापात येत नाही. टूल चकच्या रेषेला काटकोनात नसेल तर शेवटच्या मिलिमीटरला ब्लेड फिनला बाजूने ढकलतं आणि बिडाची १ मिमीची फिन वाकत नाही, तुटते. म्हणून टूल पोस्ट डायल गेजने लावून घेतला. आवाज ऐकत राहायचं. कोरडा, सलग किरकिराट चालू आहे तोवर ठीक. मध्येच टक्क आवाज आला की थांबायचं आणि ब्लेडच्या बाजूला अडकलेला भुगा ब्रशने काढायचा.

आज दोनच झाले.

२२ आणि २३ फेब्रुवारी

उरलेल्या फिन. यात लिहिण्यासारखं काही नाही.

२ मार्च

आजचा दिवस चाचणीचा, ब्लो होलवाल्या तुकड्यावर.

मनात शंका होती. भिंत आता २ मिमी. फ्लँज तीन जॉ चकमध्ये आवळून बोअर केला तर काय होतं? पुस्तकी उत्तर माहीत होतं, डोळ्यांनी बघायचं होतं.

त्यासाठी एक गेज केलं. ६०८ नंबरचं बेअरिंग सगळीकडे मिळतं, मुलांच्या स्केटिंगच्या चाकात असतं. आतला व्यास ८, बाहेरचा २२, रुंदी ७. बाहेरच्या व्यासाला टॉलरन्स शून्य ते उणे ९ मायक्रॉन. माझ्याकडचं मायक्रोमीटरवर २१.९९५ भरलं. ८ मिमीच्या रॉडच्या टोकाला ते घट्ट बसवलं की २२ च्या बोअरचं प्लग गेज तयार. एवढं गोल आणि एवढं कडक प्लग मला घरी करता आलं नसतं.

चकमध्ये धरूनच २२.०० बोअर केला. बेअरिंग आरपार गेलं, तेलाचा थेंब लावून, नुसत्या वजनाने. चक सैल केला. पुन्हा घातलं. फ्लँजपासून लांबच्या तोंडाने आत गेलं आणि फ्लँज जवळ आल्यावर अडकलं.

आता गंमत. बोअर गेज घालून त्याच जागी मोजलं. वर-खाली, आडवं, तिरकं, कुठेही फिरवा, फरक दोन-तीन मायक्रॉन. गेज म्हणतं बोअर गोल आहे, बेअरिंग म्हणतं नाही.

दोघंही खरं बोलत होते. तीन जॉ फ्लँजला तीन ठिकाणी दाबतात. त्या अवस्थेत आपण आतून गोल कापतो. जॉ सुटले की दाबलेल्या तीन जागा परत बाहेर जातात आणि मधल्या तीन जागा आत येतात. बोअर होतो तीन पाकळ्यांचा. अशा आकारात प्रत्येक फुगवट्याच्या बरोबर समोर चपटी जागा येते. दोन टोकांनी मोजणाऱ्या गेजला दर वेळी एक फुगवटा आणि एक चपटी जागा मिळते, बेरीज तीच. व्हर्निअर, टेलिस्कोपिक गेज, बोअर गेज, सगळ्यांची तीच अडचण. मार्किंग ब्लू लावून बेअरिंग फिरवलं तर निळा डाग बरोबर तीन जागी पुसला गेला.

तात्यांना दाखवलं. ते म्हणाले, "म्हणून तर आम्ही पातळ जॉब चकात धरत न्हवतो." मला एवढं लिहायला लागलं, त्यांनी एका वाक्यात संपवलं.

८ मार्च

फिक्श्चर, म्हणजे सिलिंडर धरायची बैठक. ॲल्युमिनियमची ८० मिमी व्यासाची जाड चकती चकमध्ये धरली आणि जागच्या जागी फेस करून स्कर्टच्या मापाचा खळगा बोअर केला. त्याच्या मागे २४ मिमीचा आणखी खोल खळगा, म्हणजे बोरिंग टूलचं टोक आणि पुढे होनचे (बोअर आतून घासायच्या अवजाराचे) दगड मोकळे बाहेर पडतील. भोवती ३२ मिमीच्या वर्तुळावर एम ३ चे सहा आटे.

सिलिंडर क्रँककेसवर ज्या पद्धतीने बसणार त्याच पद्धतीने इथे बसतो: स्कर्ट खळग्यात, फ्लँज सपाटीवर, सहा बोल्टनी आवळलेला. ताण सगळा अक्षाच्या दिशेने, बाजूने काही नाही. चांगल्या गॅरेजमध्ये बोअर करताना ब्लॉकवर टॉर्क प्लेट आवळतात, त्यामागेही हाच विचार.

फ्लँजची भोकं याआधीच जिगवर पाडून घेतली होती आणि स्कर्ट मँड्रेलवर २६ ला आणला होता. सहाही एकाच टूल सेटिंगवर.

तात्यांनी जाताना बजावलं: "फिक्श्चर चकातनं काढायचं न्हाई. पाची झाल्याशिवाय लेथवर दुसरं काम घ्यायचं न्हाई. जॉब बदल, हात बदलू नकोस."

घरात पंख्याचा बुश करून द्यायचा राहिला आहे. तो आता होनिंग संपल्यावर.

९ मार्च

फायनल बोअर. सकाळी सातला सुरू केलं, ऊन तापायच्या आत. बोरिंग बार १६ मिमीचा, बाहेर ५० मिमी, म्हणजे जाडीच्या तिपटीच्या आसपास. स्टीलच्या बारला चौपटीपर्यंत चालतं, त्यापुढे तो गायला लागतो. कार्बाइड टिप, ७०० फेरे, फीड बारीक.

२१.४ पासून २१.९७ पर्यंत जायचं, बाकी होनसाठी. कटाची वाटणी सगळ्यांना सारखी: शेवटचे तीन कट व्यासात ०.१० चे, त्यानंतर डायल न हलवता एक रिकामी फेरी. बार प्रत्येक कटाला थोडा वाकतोच. तो किती वाकतो याला महत्त्व नाही, पाची जणांना सारखा वाकला की झालं. एकाला शेवटचा कट ०.२० आणि दुसऱ्याला ०.०५ दिला तर डायलवर तेच माप ठेवूनही बोअर वेगळे निघतात.

मोजायच्या आधी प्रत्येक वेळी दहा मिनिटं थांबलो. बीड दर अंशाला मीटरमागे ११ मायक्रॉनच्या आसपास वाढतं. जॉब ३० अंशांनी गरम असला तर २२ च्या बोअरमध्ये ७ मायक्रॉनचा फरक. हाताला कोमट लागणाऱ्या जॉबचं माप लिहून ठेवण्यात अर्थ नसतो.

बोअर झाला की त्याच बांधणीत वरचं तोंड फेस केलं, कॅरेज स्टॉपला लॉक करून. फ्लँजच्या बुडापासून हेडच्या बैठकीपर्यंत ३६.००. या उंचीवर कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन आतला वायू किती पट दाबतो ते, ठरतं. ६ चा रेशो धरला तर वरची मोकळी जागा १.५२ सीसी. सिलिंडर ०.१ मिमीने बुटका झाला तर ०.०३८ सीसी कमी होते आणि रेशो ६.१३. एका सिलिंडरच्या इंजिनात याने काही बिघडत नाही. पाचांत एकच वेगळा निघाला की इंजिन संथ चालताना अडखळतं.

सहा सिलिंडर झाले, पाच आणि एक राखीव. उंची ३६.०० ते ३६.०२. तसंही मास्टर रॉडवर लिंक रॉड जोडलेले असल्यामुळे बाकीच्या चार पिस्टनचा वरचा मुक्काम मास्टरच्या पिस्टनपेक्षा किंचित वेगळा येतो. तो फरक शेवटी हेडखालच्या शिमनेच काढायचा आहे.

१६ मार्च

होनिंग, फिक्श्चरवरच. ब्रेक सिलिंडरला वापरतात तसा तीन पायांचा होन, आधी २२० चे दगड, मग ३२०. लेथ ३०० फेऱ्यांवर, होन हातात. पूर्वी रॉकेल वापरत, आता ते सहज मिळत नाही. डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑईल.

स्प्रिंगचा होन आहे त्याच आकाराच्या मागे जातो. वाकडा बोअर तो सरळ करत नाही, टेपर काढत नाही. हे माहीत असूनही लोक त्याच्याकडून ती अपेक्षा करतात. त्याचं काम पृष्ठभाग करणं. एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा हव्यात, साधारण ४५ अंशांत, म्हणजे त्यांच्यात तेल राहतं आणि नव्या रिंगा लवकर बसतात. ३०० फेऱ्यांना तो कोन यायला होन सेकंदाला जवळजवळ दोनदा आत-बाहेर करावा लागतो. वाटतो त्यापेक्षा हात जोरात चालवावा लागतो. दगड तोंडाबाहेर एक तृतीयांशच येऊ द्यायचा, जास्त आला तर बोअरचं तोंड फुलासारखं उघडतं.

विमानाच्या एअर कूल्ड सिलिंडरना वरच्या बाजूला मुद्दाम चिंचोळा बोअर देतात, कारण हेडकडचा भाग जास्त तापतो आणि गरम झाल्यावर बोअर समांतर होतो. या आकारात मी तसं मुद्दाम करणार नाही, रिंगा सांभाळून घेतील. पण स्कर्टच्या बाजूला चार फेऱ्या जास्त मारल्या. टेपर राहणारच असेल तर तो निदान बरोबर दिशेला असावा.

१९ मार्च, रंगपंचमी

बाहेर रंग, आत सिलिंडर धुणं. डिझेलने किंवा पेट्रोलने धुतलं की सिलिंडर स्वच्छ दिसतो, पण दगडाची भुकटी बिडाच्या बारीक छिद्रांत राहतेच. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि नायलॉनचा ब्रश. पांढरं फडकं आत फिरवायचं, करडं आलं की पुन्हा धुवायचं. पांढरं परत येईपर्यंत. वाळवून लगेच तेल, नाहीतर आपल्यासमोर तांबूस होतो.

२३ मार्च

मोजणी. सगळे रात्रभर एकाच टेबलावर, गेजही शेजारी. बोअर मधोमध:

१ नंबर २२.००६
२ नंबर २२.००४
३ नंबर २२.००८
४ नंबर २२.००५
५ नंबर २२.०१२
राखीव २२.००७

घरच्या गेजवर शेवटच्या दोन मायक्रॉनची मी हमी देत नाही. ६०८ सहाही सिलिंडरमधून आरपार गेलं, बोल्ट सैल करून बाहेर काढल्यावरसुद्धा. मला आकड्यांपेक्षा याचा आनंद जास्त. पाचव्यात ते जरा मोकळं जातं, हाताला कळतं.

५ नंबर इंजिनात घ्यायचा की राखीव, यावर तात्यांचं मत राखीव घे. माझंही तेच. २२.०१२ काही वाईट नाही, पण राखीव घेतला की पाची जण ४ मायक्रॉनच्या आत येतात.

३० मार्च, पाडवा

वर्कशॉप बंद.

६ एप्रिल

पाची सिलिंडर क्रँककेसवर चढवले. नट फिनखालच्या ४ मिमीच्या खाचेत बसले, साडेपाचचा पाना थोडा घासून पातळ करावा लागला. केसवर आवळल्यावर पुन्हा बेअरिंग घालून बघितलं. गेलं.

आता रिंगा. टोकांमधली फट बोअरच्या हजारास चार या हिशेबाने ०.०९ मिमी. बोअर जेवढा वाढेल, फट त्याच्या तिपटीपेक्षा थोडी जास्त, म्हणजे पाय (३.१४) पटीत वाढते. ४ मायक्रॉनला जेमतेम १३ मायक्रॉन. म्हणजे सगळ्या रिंगा एकाच मापाच्या, एकाच बांधणीत करता येतील आणि फट वेगवेगळी घासत बसायला नको. त्याच बाराचा उरलेला तुकडा आहे, पुरतो. त्याआधी पंख्याचा बुश.